सड्यावरची जमीन ‘सेटलमेंट’मध्ये घालायची नोटीस आली आहे. हरकत लिहायची कशी?

झरीकडची

नमस्कार. गाव पेडणे तालुक्यातला. नाव लिहीत नाही, कारण इथे वाचणाऱ्यांत गावातले दोघे-तिघे नक्की असणार आणि त्यांतला एखादा विकणाऱ्यांच्या बाजूचाही असेल.

नगरनियोजन खात्याची (टीसीपीची) नोटीस आली आहे, जमिनीचा झोन बदलायच्या कलम ३९अ खालची. आमच्या सड्याचे (डोंगरावरच्या सपाट कातळाचे) आणि उतरणीचे तीन सर्वे नंबर, मिळून ६०,००० चौ.मी.च्या वर. २०२१ च्या प्रादेशिक आराखड्यात वरचा भाग ‘नैसर्गिक आच्छादन’ आहे आणि खालचा काजूचा पट्टा ‘बागायत’. आता हे सगळं ‘सेटलमेंट’, म्हणजे वस्तीसाठी बांधता येईल असं, करायचा प्रस्ताव आहे. लोकांनी काय सांगायचं ते ३० दिवसांत लेखी सांगायचं, आणि त्या ३० दिवसांत नेमकी गणपतीची चवथ. घराला रंग, माटोळीचं सामान, मुंबईहून येणारे पाहुणे, यात सरकारी कार्यालयाची पायरी कोण चढणार? मुद्दाम केलं असं मी म्हणत नाही. पण चवथ कधी आहे हे पंचांगात आधीच छापलेलं असतं.

जमीन आमची नव्हे, भाटकाराची. त्याचे वारस काही मुंबईला, काही पोर्तुगालला. माझे वडील पुष्कळ वर्षं त्या डोंगराची काजूची पावणी (बोलीवरचा मक्ता) घ्यायचे, त्यामुळे तिथला एकेक खडक मला माहीत आहे. आता एक-चौदाच्या उताऱ्यावर (गोव्याचा सातबारा) नवीन नाव लागलं आहे. मुखत्यारपत्रावर व्यवहार झाला म्हणतात. मोपाचा विमानतळ सुरू झाल्यापासून आमच्याकडे दर रविवारी पांढऱ्या गाड्या फिरतात आणि काच खाली करून विचारतात, “सी व्ह्यू आहे का?” तेरेखोलच्या बाजूला थोडा दिसतो. तेवढाच पुरे झालेला दिसतो.

आता मुद्दा. सड्याच्या पायथ्याशी आमची झर आहे. चिऱ्यांत बांधलेली छोटी टाकी, तिच्या एका कोपऱ्यात चिऱ्यालाच कोरलेली पन्हळ, आणि पन्हळीखालचा दगड कळशा ठेवून ठेवून वाटीसारखा खोल गेलेला. एप्रिल-मे महिन्यात नळाला एक दिवस आड पाणी येतं तेव्हा आमचा वाडा या झरीवर जगतो. जादा पाणी पाटाने खाली शेतांत जातं, त्यावर वायंगण (पावसाळ्यानंतरचं पीक) होतं: थोडं भात, बाकी मिरची, तांबडी भाजी, वाल. वर बंगले झाले तर बोअर मारणार, सांडपाण्याचे खड्डे काढणार, मग या झरीचं काय होणार? हे सांगायला भूगर्भशास्त्रज्ञ कशाला हवा?

मी म्हापशाला एका पतसंस्थेत हिशेब बघते. कागद वाचायची सवय आहे, पण हे कागद वेगळेच. एका कार्यालयात प्रस्तावाचा नकाशा मागितला, तर “वेबसाइटवर आहे” म्हणाले. वेबसाइटवर तिरकी स्कॅन केलेली पानं, सर्वे नंबर वाचता येत नाहीत. पंचायतीत गेले तर “हे आमच्याकडे नाही, टीसीपीकडे.” पंच माझ्या बरोबरीचा, शाळेपासून ओळखतो. तो हळू आवाजात म्हणाला, “तू लिही गो, मी सही करतो, पण पहिली सही माझी नको.”

व्हॉट्सअ‍ॅपवर एक तयार इंग्रजी पत्र फिरतंय: गोव्याचं पर्यावरण, पुढच्या पिढ्या, वगैरे. खाली नाव घालायचं नि पाठवायचं. दोनशे लोकांनी हेच पाठवलं तर काही उपयोग होतो का? की मी माझं वेगळं लिहू? आणि लिहिलं तर त्यात काय असावं म्हणजे ते कोणालातरी वाचावंच लागेल? ज्यांनी हे केलंय त्यांनीच सांगा. “गोंय सांबाळा” एवढंच लिहिणाऱ्यांना माझा नमस्कार, पण मला मजकूर हवा आहे.

जुना सर्वेअर

बाय, तुझा प्रश्न बरोबर जागी आहे. मी भूमापनात नोकरी केली, आता घरी आहे. थोडं लांबेल, वाच.

आधी तुझ्या डोंगराला संरक्षण कसलं आहे ते समजून घे. गोव्यात जमिनीच्या संरक्षणाच्या पायऱ्या आहेत. सगळ्यात वर अभयारण्यं. म्हादई आणि नेत्रावळी १९९९ साली राज्यपाल जेकब यांच्या कारकिर्दीत अधिसूचित झाली. पुढे ती कमी करायची म्हणून पुष्कळ आरडाओरडा झाला, पण अभयारण्याची हद्द हलवायची तर राष्ट्रीय वन्यजीव मंडळाची शिफारस लागते आणि सर्वोच्च न्यायालयाच्या २००० सालच्या आदेशामुळे न्यायालयाची परवानगीही लागते. म्हणून ती टिकली. त्याखाली राखीव वनं आणि खाजगी वनं, त्यांना केंद्राचा वनसंवर्धन कायदा. आणि तुझा सडा या दोन्हींत नाही. त्याला जे काही आहे ते आराखड्यातल्या रंगाचं, म्हणजे झोनचं. त्या रंगाला अर्थ आहे, चार्ल्स कोरियांसारखा माणूस त्या आराखड्याच्या कृतिदलात होता आणि गावोगावचे नकाशे ग्रामसभांत फिरले होते. पण रंग बदलायला राज्य सरकार पुरतं. दिल्लीला जावं लागत नाही.

दुसरं. रंग बदलायच्या वाटा वेगवेगळ्या आहेत आणि लोक त्या एकमेकांत मिसळतात. नगरनियोजन कायद्यात २०१८ ला कलम १६ब आलं. २०२३ ला १७(२) आलं, ‘आराखड्यात चुकून राहिलेलं दुरुस्त करायचं’ म्हणून. त्याचे नियम २०२५ च्या मार्चमध्ये उच्च न्यायालयाच्या गोवा खंडपीठाने रद्द केले. तुझी नोटीस ३९अ ची आहे, ते २०२४ चं वेगळं कलम. तेव्हा पत्रात १७(२) च्या निकालावर दोन पानं खर्चू नकोस, वाचणारा पहिल्याच ओळीला ‘गैरलागू’ म्हणून बाजूला ठेवील. ३९अ मध्ये जाहीर नोटीस, ३० दिवस, आलेल्या सूचना नगरनियोजन मंडळापुढे, मग सरकारची मान्यता. म्हणजे तुझं पत्र मंडळाच्या टिपणात जातं. टिपणात कसं जातं ते ऐक. एकाच मजकुराची दोनशे पत्रं आली तर लिहितात: ‘दोनशे पत्रे, आशय एक.’ एक ओळ झाली. आणि एकट्या बाईने लिहिलं की अमुक सर्वे नंबरच्या अमुक पोटविभागात पाण्याचा उगम आहे आणि प्रस्तावाच्या नकाशात तो दाखवलेला नाही, तर त्याला उत्तर लिहावं लागतं. नाही लिहिलं तर ते न लिहिणंच उद्या कोर्टात दाखवता येतं.

तेव्हा तुझं काम एकच: नंबर आणि जमीन यांची गाठ घालायची. नोटिशीत नुसते नंबर आहेत, डोंगर कुठेच नाही. तो तू आण.

कसा आणायचा? गावाचा सर्वे प्लॅन घे, १:१००० चा. आमच्या लोकांनी सत्तरीच्या दशकात साखळी ओढत केलेला आहे. त्यात ओहोळ, विहिरी, पायवाटा दाखवलेल्या असतात. झर दाखवली आहे का बघ. नसली तर ती कुठल्या पोटविभागात पडते ते मोबाइलच्या जीपीएसवर घे आणि प्लॅनवर खूण कर. एक-चौदाच्या उताऱ्यात ‘इतर हक्क’ असा रकाना असतो, तो कोणी वाचत नाही. तिथे पाण्याचा, वाटेचा, देवस्थानचा हक्क नोंदलेला असला तर सोनं. मग सर्वे ऑफ इंडियाचा कंटूर नकाशा (उंचीच्या रेघांचा), तो फुकट मिळतो. उतार मोज. चार मीटर आडवं गेल्यावर एक मीटर चढ, म्हणजे २५ टक्के, त्याच्या वरचा उतार आराखड्यात ‘ना-विकास’ धरलेला आहे. तू उतरण म्हणतेस ती बहुतेक त्यात बसते. सडा सपाट म्हणून तो दाखवतील आणि उतरण त्याच नंबरात गुपचूप जाईल. हे नेहमीचं आहे.

झरीचं पाणी मोजलेलं आहे का कधी? मे महिन्यात एक बादली किती वेळात भरते, एवढं जरी कोणी लिहून ठेवलं असलं तरी चालेल.

घर नाशिल्लो

सगळे एका सुरात बोलताहेत म्हणून मी बेसूर लावतो. माझं वय ३१. वडिलोपार्जित घरात आठ वाटेकरी, एक न्हाणीघर. लग्न ठरत नाही कारण मुलीकडचे पहिला प्रश्न “घर खंय?” असा विचारतात. आईच्या नावावर ३५० चौ.मी. आहे, ते आराखड्यात ‘बागायत’. तिथे बागायत कसली, दोन माड आणि एक मोडका गोठा. फार्महाउस म्हणून बांधायचं तर ४००० चौ.मी. लागतात. मी काय करू? झोन बदलाचा अर्ज मीही केला आहे. उद्या माझा नंबर राजपत्रात आला की तुम्ही माझ्याविरुद्धही पत्रं लिहिणार का? ‘सेटलमेंट’ म्हटलं की तुम्हाला बिल्डर दिसतो. मला माझी खोली दिसते.

झरीकडची

घर नाशिल्लो, तुमच्या नंबरावर मी पत्र लिहिणार नाही. लिहिलं तर पाठिंब्याचं लिहीन, खरंच. वाड्याला लागून असलेली ३५० मीटर आणि वाड्यापासून तुटलेला सहा हेक्टरांचा सडा एकाच कलमात, एकाच यादीत येतात ही तुमचीही फसवणूक आहे. कारण उद्या कोणी विरोध केला की तुम्हाला पुढे करतात: बघा, गोंयकाराला घर नको म्हणतात!

आमच्या सड्यावर तुम्हाला घर मिळणार आहे का? तिथे ज्या किमतीला प्लॉट विकतील त्या किमतीत तुमचा-माझा जन्म जाईल. आमच्या वाड्यावरच तीन घरं विकत घेतलेली आहेत, ती शनिवारी उघडतात, सोमवारी बंद. २०११ च्या जनगणनेत गोव्यातल्या दर पाच घरांत एकाहून जास्त घर रिकामं होतं. विमानतळानंतरचं चित्र तर आपण डोळ्यांनीच बघतो. घरं कमी आहेत म्हणून डोंगर द्या हे गणित मला जमत नाही, आणि हिशेब हा माझा धंदा आहे.

पण तुमचं बोलणं मी पत्रात घेणार. वाड्याला लागून असलेल्या, राहत्या कुटुंबांच्या छोट्या तुकड्यांना आमचा विरोध नाही, असं एक वाक्य घालते. गावात फूट पाडायला तीच फट वापरतात.

सर्वेअर काका, पाणी मोजलेलं नाही. पण वायंगणाच्या पाण्याची पाळी लिहिलेली वही आहे. खालच्या शेतांचे सातजण आळीपाळीने पाणी घेतात, कोणाचा दिवस, किती वेळ, सगळं. वही ज्यांच्याकडे आहे ते म्हातारबाबा कोणाला हात लावू देत नाहीत. मी विचारायला गेले तेव्हा एवढंच म्हणाले, “झर आटली जाल्यार वहयेक कितें करतलें?” मग मुलाने आतून आणून दिली. तेलाचे डाग आहेत, शेवटची पानं उंदराने खाल्ली आहेत, पण १९९० च्या आसपासपासूनची आहे. जमेल का ही?

जुना सर्वेअर

जमेल म्हणजे काय! प्रत्येक पानाचा फोटो काढ, मूळ वही कोणाला देऊ नकोस, खात्यालाही नाही. छायाप्रत लाव आणि वही कोणाच्या ताब्यात आहे ते लिही. वायंगणाची शेतं आराखड्यात कुठल्या रंगात आहेत तेही बघ. भातशेती पहिल्या इको झोनमध्ये धरली आहे. म्हणजे ज्या शेताला आराखडाच सगळ्यात जास्त जपतो, त्याचं पाणी दुसऱ्या झोनमधल्या डोंगरावरून येतं. डोंगर सोडला तर शेत कागदावर हिरवं राहील आणि खाली पडीक. हे वाक्य वाटलं तर जसंच्या तसं घे.

कुंभ्याचं झाड

मी वनस्पती शिकवते, नाव नको. दोन गोष्टी.

पहिली: उतरणीवर काजूखेरीज काय आहे ते नीट बघा. किंदळ, माट्टी, कुंभा, जांभा, रानटी आंबा असं दाट असलं तर खाजगी वनाचा प्रश्न उठतो. गोव्यात निकष असे आहेत: सलग ५ हेक्टर, ७५ टक्के वनझाडं, आणि छत्राची घनता ०.४, म्हणजे जमिनीचा चाळीस टक्के भाग झाडांच्या शेंड्यांनी झाकलेला. काजू बागायती झाड, ते वनझाडांत धरत नाहीत. सावंत आणि करापूरकर समित्यांनी काही सर्वे नंबर आधीच ओळखून ठेवले आहेत. तुमचे तीन नंबर त्या यादीत आहेत का, हे वन खात्याला लेखी विचारा. यादीत असले तर झोन बदलून काही होत नाही, वनकायद्याची परवानगी वेगळी लागते. आणि नंबरांचे पोटविभाग अलीकडे पाडलेत का तेही बघा. सलग पाच हेक्टर भरू नयेत म्हणून तुकडे करणं ही काही नवी युक्ती नव्हे.

दुसरी गोष्ट मला जास्त महत्त्वाची वाटते. वरचा सपाट सडा कुठल्याच वनाच्या निकषात बसत नाही, कारण त्याच्यावर झाडंच नाहीत. सरकारी भाषेत तो ‘ओसाड’. फेब्रुवारीत जाऊन फोटो काढला तर तसाच दिसतो, काळा चिरा आणि वाळकं गवत, आणि प्रस्तावाला जोडलेले फोटो फेब्रुवारीचेच असतात. तुम्ही आत्ता, या पावसात वर जा. चिऱ्याच्या खळग्यांत पाणी साचलेलं असेल, त्यात सीतेच्या आसवांचा निळा थर, कडेला गेंद, तेरडा. सीतेची आसवं ही किडे खाणारी वनस्पती आहे. मातीत खायला काही नाही म्हणून पाण्यातले बारीक जीव मुळांसारख्या धाग्यांवरच्या पिशव्यांत ओढून घेते. पाऊस संपला की सगळं गायब. तारीख दिसेल असे फोटो काढा, शेजारी मोजपट्टी ठेवा. आणि पंचायतीच्या जैवविविधता समितीकडे लोक जैवविविधता नोंदवही मागा. गोव्यातल्या १९१ पंचायतींना समित्या आहेत, वही कपाटात असते. तुमच्या सड्याचं पान त्यात आहे का बघा. नसेल तर पंचाला म्हणावं, पहिली सही नको असली तर निदान कपाट तरी उघड.

पाण्याबद्दल: चिऱ्याचा थर सच्छिद्र असतो, पाऊस त्यात उतरतो आणि खालच्या चिकणमातीवर आला की आडवा वाहून पायथ्याला बाहेर पडतो. तीच तुमची झर. वर काँक्रीट घातलं की तेच पाणी जुलैमध्ये गटाराने एका दिवसात नदीला जातं आणि मे महिन्यात टाकी कोरडी. पत्रात हे चार ओळींत लिहा, जास्त नको.

बार्देसचा जावई

आमच्याकडे हेच झालं, पण आधी. कोणी पत्र लिहिलं नाही कारण कोणाला नोटीसच कळली नाही. पहिल्यांदा रस्ता आला, “गावासाठी.” मग डोंगर कापला. दुसऱ्या पावसाला खालच्या विहिरी तांबड्या झाल्या आणि त्यानंतर टँकर. गंमत अशी की टँकर खालून वर जातात, आमच्याच भागातल्या विहिरींचं पाणी घेऊन. सासरे रोज अंगणात बसून मोजतात.

“काही उपयोग नाही” म्हणणारे इथे येणारच, त्यांच्यासाठी: २०११ सालापर्यंतचा प्रादेशिक आराखडा २००६ साली अधिसूचित झाला आणि लोक रस्त्यावर आले म्हणून २००७ च्या जानेवारीत सरकारला मागे घ्यावा लागला. सगळ्या गोव्याचा आराखडा! तेव्हा मी कॉलेजात होतो, मोर्च्याला गेलो तो मित्रांबरोबर गंमत म्हणून.

कामाची सूचना: पत्र टपालाने टाकून बसू नका. स्वतः जाऊन द्या, दुसऱ्या प्रतीवर आवक शिक्का, क्रमांक, तारीख घ्या. शिक्का मारणारा माणूस जेवायला गेला असं सांगतील. जेवण व्हायची वाट बघा. पणजीत पाटोला मुख्य कार्यालयात द्या आणि एक प्रत तालुक्याच्या कार्यालयात. ईमेल वेगळा.

झरीकडची

सगळ्यांचे आभार. रविवारी सकाळी पाऊस जरा उघडला तेव्हा भाचीला घेऊन वर जाऊन आले. सीतेची आसवं आहेत! लहानपणापासून त्यांवरून चालत होते, नाव आज कळलं. उतरणीवर किंदळ आणि कुंभा आहेत, पण पाच हेक्टर सलग भरतील असं वाटत नाही, मध्ये काजू आहे. वन खात्याला तरी पत्र टाकलं. पोटविभाग दोन वर्षांपूर्वीच पाडलेले निघाले.

‘इतर हक्क’ रकाना बघितला. पाण्याचं काही नाही. पण एका पोटविभागात राखणदाराच्या (गाव राखणाऱ्या देवाच्या) ठाण्याची आणि तिथे जाणाऱ्या वाटेची नोंद आहे. गावात कोणाला माहीतच नव्हती. देवस्थान समितीचे लोक आतापर्यंत “आम्ही राजकारणात पडत नाही” म्हणत होते, ते काल रात्री स्वतः घरी आले. राखणदार कामाला आला म्हणायचा.

मसुदा असा केला आहे, चुका काढा:

‘कलम ३९अ खालील आपल्या जाहीर नोटिशीतील आमच्या गावाच्या तीन सर्वे नंबरांबाबत माझी हरकत पुढीलप्रमाणे. (१) यांपैकी खालच्या नंबराच्या हद्दीवर बारमाही पाण्याची झर आहे. तिची जागा सोबतच्या सर्वे प्लॅनवर लाल शाईने दाखवली आहे. प्रस्तावाच्या नकाशात ती नाही. (२) या झरीचे पाणी सात शेतकरी वायंगणासाठी पाळीने घेतात. पाळीच्या वहीच्या छायाप्रती सोबत आहेत. ही शेते आराखड्यात भातशेती म्हणून पहिल्या इको झोनमध्ये आहेत. (३) प्रस्तावित क्षेत्रातील मधला पट्टा २५ टक्क्यांहून तीव्र उताराचा आहे. (४) वरच्या सपाट भागात पावसाचे पाणी मुरते व पावसाळी वनस्पती आहेत, तारखेसह फोटो सोबत. हा भाग ओसाड नाही. (५) एका पोटविभागात राखणदाराचे स्थान व वाट यांची उताऱ्यात नोंद आहे. (६) वाड्याला लागून असलेल्या, राहत्या कुटुंबांच्या लहान भूखंडांना आमचा विरोध नाही. त्यांचा विचार या प्रस्तावापासून वेगळा करावा. (७) निर्णयापूर्वी जागेची पाहणी ग्रामस्थांच्या उपस्थितीत व्हावी आणि मला प्रत्यक्ष म्हणणे मांडण्याची संधी द्यावी.’

व्हॉट्सअ‍ॅपवरच्या इंग्रजी पत्राचं काय करायचं यावर घरी वाद झाला. भाऊ म्हणतो तेही पाठवू, संख्या दिसते. मी म्हटलं पाठव, पण माझ्या पत्राला जोडू नको.

घर नाशिल्लो

सहावा मुद्दा वाचला. माझं नाव साक्षीदार म्हणून घालायचं तर घाला. माझा अर्ज त्याच खात्यात पडून आहे, तरी घाला.

जुना सर्वेअर

चांगलं झालंय. दुरुस्त्या: पहिल्या मुद्द्यात ‘हद्दीवर’ नको, कुठल्या पोटविभागात ते लिही. हद्दीवर म्हटलं की दोन्हीकडचे हात वर करतात. तिसऱ्यात नुसतं ‘तीव्र’ म्हणू नकोस. कंटूर नकाशावरून कमीत कमी तीन रेघा काढ, प्रत्येकीची आडवी लांबी आणि चढ मीटरमध्ये दे, आणि त्या कुठल्या पोटविभागातून जातात ते लिही. दुसऱ्यात साताही शेतकऱ्यांचे शेताचे सर्वे नंबर घाल आणि त्यांच्या सह्या वेगळ्या कागदावर घे, कारण त्यांतला एखादा मागे फिरला तर तुझं पत्र शाबूत राहायला हवं. बारमाही म्हणालीस, तर यंदाच्या मे महिन्यातला टाकीचा एखादा फोटो कोणाच्या ना कोणाच्या मोबाइलात असेलच. वाढदिवस, मुंज, काहीही, मागे टाकी दिसली की पुरे. तो शोध.

आणि मुदत नोटीस प्रसिद्ध झालेल्या तारखेपासून मोज, तू वाचलीस त्या तारखेपासून नव्हे. मधल्या सुट्ट्या धरून शेवटच्या दोन दिवसांवर ठेवू नकोस. चवथीच्या आधीच्या सोमवारी जाऊन ये, त्या दिवशी कार्यालयात माणसं असतात.